आधी नाव, मग काप: सॅम्पल वापरायला शिकताना

माझ्या हार्ड डिस्कवर एक फाइल होती. नाव ‘ट्रायबल व्होकल 07’. कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेली. चार सेकंदांचा एका बाईचा आवाज, वर चढत जाणारी एक ओळ आणि शेवटी श्वास. त्या श्वासावरच माझा जीव जडला होता. त्यावर मी ट्रॅक बांधला, एका छोट्या कार्यक्रमात वाजवला, लोकांना आवडला. कार्यक्रम संपल्यावर एका मुलीनं विचारलं, “ही बाई कोण आहे?” मला ती कुठल्या भाषेत गातेय तेही सांगता आलं नाही. घरी येऊन आठवडाभर शोधलं, काही हाती लागलं नाही. तो ट्रॅक मी पुन्हा वाजवलेला नाही.

पुढे कळलं की हेच फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांपैकी मलैता या बेटावर 1970 च्या सुमारास ह्यूगो झेम्प या संगीत-अभ्यासकानं अफुनाक्वा नावाच्या स्त्रीची अंगाई ध्वनिमुद्रित केली. आईबाप गेलेल्या लहानग्याची मोठं भावंड समजूत काढतंय, अशी ती अंगाई. 1992 मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीनं तो आवाज आपल्या नाचाच्या संगीतात घातला. अल्बमची मांडणी मात्र आफ्रिकेतल्या जंगलांची. लाखो प्रती खपल्या, आणि ऐकणाऱ्यांना वाटत राहिलं की हा आवाज आफ्रिकेतला. झेम्प यांनी नंतर जाहीर आक्षेप घेतला. अफुनाक्वाचं नाव गेलं, भाषा गेली, बेटसुद्धा गेलं.

तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो: आधी नाव, मग काप. कायद्यासाठी हे गरजेचं आहेच. पण आवाज कुणाचा, कुठल्या प्रसंगाचा, कुठल्या ठेक्यावरचा हे कळलं की त्याचं काय करायचं हेही जास्त नीट सुचतं. सॅम्पलिंगला, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाजाचा तुकडा कापून नव्या ट्रॅकमध्ये वापरायला, नुकतीच सुरुवात करणाऱ्यांसाठी तो सगळा क्रम इथे मांडतो आहे.

पायरी 1: एका तुकड्यात किती माणसं आहेत ते मोजा

कुठलंही ध्वनिमुद्रित गाणं घ्या, त्यात निदान तीन थर असतात. पहिला रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे त्या दिवशी त्या स्टुडिओत जे टेपवर उतरलं ते. हा हक्क बहुतेक वेळा कंपनीकडे किंवा निर्मात्याकडे असतो. तिसरा थर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात या तिन्हींची वेगवेगळी नोंद आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर कलाकाराला आपलं नाव लागावं असा आग्रह धरण्याचा, आणि सादरीकरणाची आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर आक्षेप घेण्याचा हक्कही मिळाला.

हे थर एकाच वेळी मोकळे होतात असं नाही. आपल्याकडचं सगळ्यात सोपं उदाहरण अभंगाचं. तुकोबांचे शब्द साडेतीनशे वर्षांहून जुने, सगळ्यांचे. पण त्याच अभंगाला श्रीनिवास खळ्यांनी लावलेली चाल खळ्यांची. त्यांचं निधन 2011 मध्ये झालं. चालीला संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं संरक्षण असतं, म्हणजे ती 2071 च्या अखेरपर्यंत बांधलेली. आणि ती चाल ज्या ध्वनिमुद्रिकेत उमटली, तिचा हिशेब आणखी वेगळा. ‘अभंग आहे, पारंपरिकच असणार’ असं म्हणून कुणीही कापायला बसू नये.

सॅम्पल थेट उचललात की रचना आणि ध्वनिमुद्रण दोन्हींना हात लागतो. तीच ओळ तुम्ही स्वतः नव्यानं वाजवून घेतलीत तर फक्त रचनेला. पैसे कमी असलेल्या नव्या माणसासाठी हा फरक फार कामाचा आहे.

पायरी 2: मोकळं काय आहे ते शोधा

भारतात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं चालतं, पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून मोजून. 1960 मध्ये प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रिका 2020 च्या अखेरीस मोकळी झाली. शब्द आणि चाल यांना मात्र ज्याच्या त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं.

आता हाच हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. ‘संगीत मानापमान’ 1911 मध्ये रंगभूमीवर आलं. पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, त्यांचं निधन 1948 मध्ये. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, त्यांचं निधन 1955 मध्ये. शब्द 2008 च्या अखेरीस मोकळे झाले, चाली 2015 च्या अखेरीस. बालगंधर्वांच्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या त्याहून कितीतरी आधीच्या, त्यामुळे ते ध्वनिमुद्रणही मोकळं. तिन्ही कुलपं उघडलेली. पण याच नाटकातलं तेच पद 1990 मध्ये दुसऱ्या गायकानं गाऊन कॅसेट निघाली असेल, तर चाल मोकळी असली तरी ते ध्वनिमुद्रण मोकळं नाही. आपल्या फोनवर कुठली प्रत आहे ते म्हणूनच आधी तपासायचं. शक्य असेल तर मूळ तबकडीवरूनच आवाज घ्या. जुन्या बाजारात आणि संग्राहकांकडे या तबकड्या अजून मिळतात, आणि संग्राहक मंडळी ऐकवायला उत्सुक असतात.

एक सावधगिरी. हे सगळं भारतापुरतं झालं. अमेरिकेत 1923 ते 1946 या काळातल्या ध्वनिमुद्रणांना 100 वर्षं संरक्षण आहे, त्यानंतरच्या दशकातल्यांना 110. तुमचा ट्रॅक ऑनलाइन गेला की तो सगळीकडे जातो, त्यामुळे जगभर प्रसिद्ध करायचं असेल तर जितकं जुनं तितकं सुरक्षित.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 2020 मध्ये ‘सिटिझन डीजे’ नावाचा प्रकल्प आणला. तिथे मोकळ्या आवाजांचे तुकडे थेट बीट बांधण्यासाठीच ठेवले आहेत. बार्सिलोनातल्या एका विद्यापीठातून 2005 मध्ये सुरू झालेलं ‘फ्रीसाउंड’ हे दुसरं मोठं भांडार. तिथे प्रत्येक आवाजाशेजारी परवाना लिहिलेला असतो आणि तो वाचलाच पाहिजे. हे बहुतेक ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे (सीसी) परवाने, म्हणजे निर्मात्यानं आधीच ठरवून दिलेली मुभा. ‘सीसी झीरो’ म्हणजे कसाही वापरा. ‘बाय’ म्हणजे नाव द्या. ‘एनसी’ असेल तर पैसे कमावण्यासाठी नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्याच परवान्यांत कुठे ‘एनडी’ दिसलं तर त्यात बदल करायचा नाही, म्हणजे सॅम्पलिंगसाठी तो आवाज बाद.

विकत मिळणाऱ्या लूप-पॅकचं (पुन्हा पुन्हा फिरवायच्या तयार तुकड्यांच्या संचांचं) थोडक्यात. पैसे भरलेत की ट्रॅकमध्ये वापरता येतात, सुटे करून पुन्हा विकता येत नाहीत. तोच लूप हजार जणांनी घेतलेला असतो, म्हणून अशा लूपवर उभा असलेला ट्रॅक यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे सारखे आवाज आपोआप ओळखून हक्काचा दावा लावणाऱ्या यंत्रणेत, नोंदवू नका. नाहीतर तोच लूप प्रामाणिकपणे विकत घेतलेल्या दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओवर तुमचा दावा जाऊन बसतो.

‘किती सेकंद चालतात?’

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. कुणी आठ सेकंद सांगतं, कुणी तीस, कुणी चार मात्रा. भारतीय कायद्यात असा एकही आकडा नाही. खासगी वापर, अभ्यास, समीक्षा यांना मुभा आहे. म्हणजे घरी शिकताना हवं ते कापा. प्रसिद्ध करणं ही वेगळी गोष्ट.

परदेशातली प्रकरणं पाहिली तर कळतं की सेकंद मोजून सुटका होत नाही. क्राफ्टवर्क या जर्मन गटाच्या 1977 च्या ध्वनिमुद्रणातला दोन सेकंदांचा ठोका 1997 च्या एका गाण्यात फिरवून वापरला गेला. त्यावरचा खटला वीस वर्षांहून जास्त चालला आणि 2019 मध्ये युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. न्यायालय म्हणालं की अगदी छोटा तुकडाही परवानगीशिवाय नको, पण तो ऐकून ओळखता येणार नाही इतका बदलला असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत 2005 मध्ये एका न्यायालयानं सांगितलं, परवाना घ्या नाहीतर सॅम्पल करू नका. 2016 मध्ये दुसऱ्या न्यायालयानं 0.23 सेकंदाचा ब्रासचा (पितळी फुंकवाद्यांचा) एक फटका दखल घेण्याइतका नाही असं ठरवलं. एकाच देशात दोन उत्तरं. नव्या माणसानं अशा फटीत पाय घालू नये.

आणि सेकंदांचा हिशेब नीतीच्या बाजूनं तर लागूच पडत नाही. ‘द विन्स्टन्स’ या गटाच्या 1969 च्या एका तबकडीच्या मागच्या बाजूवर ग्रेगरी कोलमननं सहा-सात सेकंद एकट्यानं ड्रम वाजवला. चार आवर्तनं. त्या तुकड्यावर हिपहॉपची हजारो गाणी आणि ‘जंगल’, ‘ड्रम अँड बेस’ हे इलेक्ट्रॉनिक संगीताचे अख्खे प्रकार उभे राहिले. कोलमन 2006 मध्ये अटलांटात बेघर अवस्थेत गेला. त्याला त्या तुकड्याचा एक पैसा मिळाला नव्हता. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या संगीतप्रेमींनी वर्गणी काढून सुमारे 24,000 पौंड गटाच्या प्रमुखाला, रिचर्ड स्पेन्सरला दिले. ही बातमी वाचताना मला भरून आलं होतं. पण कोलमनपर्यंत ते पोहोचायचे दिवस निघून गेले होते.

पायरी 3: स्वतः आवाज गोळा करायला बाहेर पडा

माझं प्रामाणिक मत: नव्या माणसानं पहिले सहा महिने फक्त स्वतः ध्वनिमुद्रित केलेलं कापावं. 1948 मध्ये पॅरिसमध्ये पिएर शेफरनं आगगाडीच्या आवाजांतून रचना केली, तिथून या कलेची एक मोठी वाट निघाली. आपल्याकडे तर आवाजांना तोटा नाही. भांड्यांना ठोके मारणारा तांबट, पिठाची गिरणी, लोकलचं दार, बोहनीच्या वेळी घंटी वाजवणारा दुकानदार, पहाटेचा वासुदेव.

हातात फोन असला तरी चालेल. थोडे पैसे जमले की हातात मावणारा रेकॉर्डर घ्या आणि माइकवर वारा अडवणारं केसाळ कव्हर लावा, त्यावाचून बाहेरचं अर्धं काम वाया जातं. रेकॉर्डिंगचं सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट ठेवा. आवाजाची टोकं उणे 12 डेसिबलच्या आसपास राहतील इतकी पातळी. फोनमधलं आपोआप पातळी बदलणारं सेटिंग बंद करा. प्रत्येक ठिकाणी एक मिनिट काहीच न वाजवता नुसती जागा रेकॉर्ड करा. नंतर तुकडे जोडताना ही जागेची शांतता सोन्यासारखी उपयोगी पडते.

वाद्य वाजवणाऱ्या माणसाकडे जाणार असाल तर आधी माइकशिवाय जा. मी एका गोंधळी काकांचं संबळ रेकॉर्ड करायला गेलो होतो, तेव्हा पहिल्या दिवशी फक्त चहा झाला आणि ऐकणं झालं. त्यांनी संबळाच्या दोन काठ्या दाखवल्या, एक सरळ, एक टोकाला वळलेली, आणि कुठली कशासाठी ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डर काढला. संबळ फार जोरात वाजतं. माइक छातीशी नेऊ नका, दीड-दोन मीटरवर ठेवा. आधी त्यांना हवं तसं पाच-दहा मिनिटं वाजवू द्या, मध्ये थांबवू नका. मग एकेक थाप सुटी मागा: प्रत्येक थाप हलकी, मध्यम, जोरात, तीन-तीन वेळा. शेवटी तुणतुण्याची तार एकटी.

त्या दिवशी काका म्हणाले, “वाजवलेलं सगळं घ्या. पण देवीला हाक घातली ती तोडू नका. ती तोडून कुठेही लावायची वस्तू नाही.” हे मला कुठल्याही परवान्याच्या मजकुरात वाचायला मिळालं नसतं. गोंधळ, जागरण, पोतराजाचं मागणं, वारीतलं भजन ही लोकांची पूजा आहे. काय उचलता येईल आणि काय नाही हे ज्याचं त्यालाच विचारायचं, आणि त्यांनी नको म्हटलं तर तो विषय तिथेच संपवायचा. गोव्यात घुमट हे मातीच्या भांड्याचं तालवाद्य रेकॉर्ड करायला गेलात तर आरतीचं वादन कुठलं आणि सुंवारी (घुमटावरचं एक खास वादन) कुठली हे समजून घ्या. 2019 मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा-वाद्य म्हणून जाहीर केलं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे, ती प्राणी-संरक्षणात आल्यानंतर बकऱ्याचं कातडं आलं. आवाजात फरक पडतो, वाजवणारेच तो ऐकवून दाखवतात.

आता कागद. ‘नंतर बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी करा. एक पान, साध्या मराठीत. कोणी वाजवलं, कधी, कुठे. कशासाठी वापरणार. आज मानधन किती. ट्रॅकमधून उत्पन्न झालं तर वाटा किती. श्रेयात नाव कसं लिहायचं, अगदी ऱ्हस्व-दीर्घासकट त्यांना विचारून. काय वापरायचं नाही. आणि दोन गोष्टी हमखास राहून जातात: मुदत आणि प्रदेश. आपल्या कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ऑनलाइन प्रसिद्धीसाठी हे दोन्ही स्पष्ट लिहावं लागतं. दोन प्रती, एक त्यांच्याकडे. वाचता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा आणि होकार रेकॉर्डरवर घ्या. मी मानधन जागेवर, रोख आणि कागदावर सही होण्याआधी देतो, म्हणजे सहीसाठी पैसे अडवले असं कुणाला वाटायला नको.

पायरी 4: नोंदवही

घरी आल्यावर काही कापण्याआधी फाइलींना नावं द्या. ‘संबळ_जोर_03_गाव_तारीख’ असं. सोबत एक साधी वही किंवा शीट: फाइल, कुणाची, कुठून, परवाना कोणता, तो कुठे जपला. वेबसाइटवरून घेतलं असेल तर त्या दिवशीचं परवान्याचं पान पीडीएफ करून ठेवा, कारण पानं बदलतात आणि नाहीशीही होतात. हे कंटाळवाणं आहे, पण ‘ट्रायबल व्होकल 07’ माझ्या वहीत असती तर मला त्या मुलीला उत्तर देता आलं असतं.

पायरी 5: आता कापा

आधी ऐका. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे ते बोटांनी मोजा. नवे लोक सॉफ्टवेअरमधल्या आपोआप कापणाऱ्या बटणावर भरवसा ठेवतात. ते बटण जोराचा ठोका शोधतं, आणि आपल्या तालात जोराचा ठोका नेहमी समेवर असतो असं नाही. भजनी ठेक्याचा तुकडा मध्येच कापला गेला की तो आठ मात्रांचा राहूनही उपरा वाटतो. म्हणून पहिली खूण हातानं समेवर ठेवा, मग बाकीचं. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना दोन-पाच मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूच चढवणं-उतरवणं) द्या, नाहीतर टक्-टक् आवाज येतो.

लय बांधताना हात आवरा. वाजवणारा माणूस आवर्तनागणिक किंचित पुढे सरकतो, तीच त्याची ढब. प्रत्येक मात्रा सॉफ्टवेअरच्या समान अंतरांच्या चौकटीत ठोकून बसवलीत तर संबळाचं यंत्र होतं. मी फक्त दर दुसरी किंवा चौथी सम चौकटीला बांधतो आणि मधलं मोकळं सोडतो. त्याऐवजी माझा किक ड्रम त्याच्याकडे सरकवतो.

पट्टी जुळवणं हा पुढचा भाग. 78 फेऱ्यांच्या तबकड्या नेमक्या 78 च्याच वेगानं फिरत असं नाही, त्यामुळे त्यातला षड्ज बहुतेक वेळा दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी असतो. तुमच्या सिंथला (सिंथेसायझरला) त्या षड्जाकडे न्या, तो षड्ज तुमच्याकडे ओढू नका. एका पट्टीत 100 सेंट असतात. सिंथ 30-40 सेंट हलवणं एका बटणाचं काम आहे, पण गळा ताणला की गळ्याचा पोत जातो. जुन्या पद्धतीनं वेग बदलून सूर बदलायचा असेल तर गणित लक्षात ठेवा: वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली, आणि पांढरी 1 वरून काळी 1 वर जाताना वेग सुमारे सहा टक्के वाढतो. 90 च्या लयीचा तुकडा एक पट्टी वर नेलात तर तो साधारण 95 वर जातो. लय आणि सूर असे जोडीनं हलू देण्यात एक वेगळी मजा आहे. संबळाची थाप एक सप्तक खाली आणली की तिच्यातून ढगांचा गडगडाट निघतो.

मग खरा खेळ. काही प्रयोग मी पुन्हा पुन्हा करतो. तुणतुण्याच्या एकाच तारेचा आवाज उलटा फिरवून दुसऱ्या थापेच्या आधी लावायचा, म्हणजे थाप श्वास घेऊन पडल्यासारखी वाटते. तबकडीची खरखर पुसून न टाकता वेगळी काढायची आणि तिच्यातल्या टिकटिकीतून हाय-हॅटची (ड्रममधल्या झांजांच्या जोडीची) ओळ बांधायची. एका स्वराचे तीस-चाळीस मिलिसेकंदांचे कण करून त्यांची तानपुऱ्यासारखी आस तयार करायची. आणि माझा सगळ्यात आवडता: रिकाम्या मातीच्या माठात छोटा स्पीकर सोडायचा, त्यातून सॅम्पल वाजवायचं आणि माठाच्या तोंडाशी माइक धरून पुन्हा रेकॉर्ड करायचं. माठाचा स्वतःचा घुमारा त्या आवाजाला मिळतो, आणि असा माठ जगात दुसऱ्या कुणाच्या स्टुडिओत नसतो. वाड्याच्या चौकात किंवा बारवेत फुगा फोडून तो आवाज टिपलात तर कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (एका जागेचा घुमारा दुसऱ्या आवाजाला देणाऱ्या साधनात) घालून कुठलीही थाप त्या बारवेत नेऊन ठेवता येते.

इतकं बदलल्यावर मूळ ओळखू येत नाही, मग नाव कशाला, असं काही जण म्हणतात. मी तरीही नाव देतो. आवाज बदलला तरी तो त्या हातानंच सुरू झाला होता. गाण्यातून आवाज वेगळे करणारी एआय साधनं आता फोनवरही आहेत, त्यांनाही हेच लागू. कुणाचा गळा वाद्यांतून सुटा काढल्यानं तो तुमचा होत नाही.

पायरी 6: फिल्मी गाणंच हवं असेल तर

मग विचारा, आणि ट्रॅक पूर्ण करण्याआधी विचारा. 2002 मध्ये अमेरिकेत एका गाण्यात ‘ज्योती’ या 1981 च्या चित्रपटातल्या लताबाईंच्या आवाजाचा मोठा भाग वापरला गेला. संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव नव्हतं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि 2003 मध्ये आदेश निघाला की त्यांच्या श्रेयाशिवाय ती सीडी विकायची नाही. छापून तयार असलेला माल अडकला.

पत्रात हे लिहा: कुठल्या गाण्याची कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंतची ओळ, ती ट्रॅकमध्ये किती वेळा येते, ट्रॅकची खासगी लिंक, कुठे आणि किती प्रमाणात प्रसिद्ध करणार, काय देऊ शकता. ध्वनिमुद्रणासाठी कंपनीकडे, रचनेसाठी तिच्या हक्कधारकाकडे. जुन्या हिंदी-मराठी चित्रपटगीतांत दोन्ही अनेकदा एकाच कंपनीकडे असतात, पण गृहीत धरू नका. ‘आराधना’तल्या गाण्यावरून अमेरिकेत चाललेल्या खटल्यात 2011 मध्ये न्यायालयानं असं ठरवलं की जुन्या करारानं दावा करणाऱ्या कंपनीला दिलेला ध्वनिमुद्रणाचा हक्क फक्त दोन वर्षांचा होता. कंपनी हरली. म्हणून कुणाकडे काय आहे ते लेखी मागायचं.

उत्तर यायला महिने लागतात आणि बरेचदा येतच नाही. न आलेलं उत्तर म्हणजे होकार नव्हे. त्यामुळे पत्र टाकल्याबरोबर पर्यायी तुकडा तयार ठेवा: स्वतःची चाल, गल्लीतला हार्मोनियमवाला, ओळखीची गायिका. माझ्या अनुभवात पर्यायच अनेकदा मूळ कल्पनेपेक्षा सरस ठरला आहे.

पायरी 7: प्रसिद्ध करताना

वितरक, म्हणजे तुमचा ट्रॅक ऑनलाइन मंचांवर पोहोचवणारा, विचारतो, ‘यात सॅम्पल आहे का?’ खरं उत्तर द्या आणि कागद जोडा. श्रेयाच्या रकान्यात वाजवणाऱ्याचं नाव कलाकार म्हणून घाला. फक्त खालच्या वर्णनात ‘विशेष आभार’ लिहू नका, ते वर्णन बहुतेक ठिकाणी दिसतच नाही. चाल तुमची असेल तर गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्या. ज्यांनी गायलं त्यांना इसाम्रा (पूर्वीची इस्रा) या गायक-वादकांच्या संस्थेबद्दल सांगा. वाट्याचे पैसे कधी देणार ते तारखेनिशी ठरवा. मी दर सहा महिन्यांनी हिशेब करतो, रक्कम 80 रुपये असली तरी पाठवतो आणि फोन करतो.

आणि प्रसिद्ध करण्याआधी ट्रॅक घेऊन त्या माणसाकडे जा. मी संबळाचा ट्रॅक काकांना ऐकवायला गेलो, चांगला स्पीकर घेऊन गेलो होतो. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं. देवीची हाक कुठे नाही ना, हे पहिलं विचारलं. मग गुडघ्यावर हातानं ठेका धरला आणि म्हणाले, “सगळं बरं आहे, पण तुम्ही सम चुकीच्या थापेवर ठेवलीय. आमची इथे येते.” त्यांनी गुडघ्यावर ती दाखवली, पाच-सहा वेळा, मला नीट कळेपर्यंत. मी त्या रात्री सगळे तुकडे दोन मात्रा मागे सरकवले, त्यावरचा बास पुन्हा वाजवला, आणि सकाळी त्यांना फोनवरून ऐकवला. “आता बसली,” ते म्हणाले. प्रसिद्ध झाला तो हाच.